कोरडवाहू शेती आणि मटकीचे पीक



भारतातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे निम्मे क्षेत्र आजही पावसावर अवलंबून आहे. अशा शेतीचा विचार करताना वर्षभरात पाऊस किती पडला, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. पिकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे जमिनीत ओल किती दिवस टिकते? दुर्लक्षित कडधान्यांना कोरडवाहू परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या संशोधनात हाच प्रश्न केंद्रस्थानी असतो. मटकीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

महाराष्ट्रात उसळ आणि मिसळ यांमुळे मटकी घरोघरी परिचित आहे. परंतु देशातील तिचे बहुतांश क्षेत्र राजस्थानात, विशेषतः बिकानेर, चुरू, नागौर, जोधपूर, बारमेर या जिल्ह्यांत आहे. तेथे मान्सून साधारणतः जुलैच्या प्रारंभी पोहोचतो आणि हवामान विभागाने 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार वायव्य राजस्थानातून तो 17 सप्टेंबरच्या सुमारास परतू लागतो. म्हणजे पावसाचा हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा असतो. रेताड जमीन ओलही फार काळ धरून ठेवत नाही.

मटकी मुळातच काटक आहे. तिची मुळे खोल जातात, पसरणारे वेल जमीन झाकून वाऱ्याने होणारी धूप कमी करतात आणि मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. तरीही जुन्या पसरट वाणांना पक्व होण्यास सुमारे तीन महिने लागत. त्यांना फुले टप्प्याटप्प्याने येत, आणि शेंगा भरण्याच्या ऐन वेळी ओल संपून जाई. यावर उपाय म्हणून संशोधकांनी पिकाचा कालावधी कमी केला. 1994 मध्ये प्रसारित झालेला ‘आरएमओ-40’ हा वाण सुमारे 60 ते 65 दिवसांत काढणीस येतो. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनेही मटकीचे सुधारित वाण विकसित केले आहेत.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. अवर्षण सोसून तग धरणे म्हणजे अवर्षण-सहनशीलता, तर अवर्षण येण्यापूर्वीच जीवनचक्र पूर्ण करणे म्हणजे अवर्षण-परिहार. लवकर येणारे वाण प्रामुख्याने दुसऱ्या मार्गाचे आहेत. पांढरी माशी पसरवीत असलेल्या पिवळ्या मोझॅक रोगाला तोंड देण्याचा त्यांचा काळही तुलनेने कमी असतो.

मात्र या लाभाला किंमत आहे. कमी दिवसांच्या, आटोपशीर वाढीच्या झाडापासून चारा कमी मिळतो, आणि पाऊस लांबला तर त्याचा पुरेसा फायदा असे पीक घेऊ शकत नाही. मरुप्रदेशात पशुधन हाच दुष्काळातील आधार असल्याने शेतकरी धान्याइतकेच चाऱ्यालाही महत्त्व देतो. म्हणूनच सर्वत्र एकच वाण न सुचविता पाऊसमान आणि चाऱ्याची गरज पाहून वाणांची निवड करणे आवश्यक ठरते. बाजरी, मटकी, गवार यांची मिश्र पेरणी करण्याच्या परंपरेमागेही जोखीम विभागण्याचाच विचार आहे.

दुसरा प्रश्न धोरणाचा आहे. किमान आधारभूत किमतीच्या यादीत तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर ही पाच कडधान्ये आहेत, मटकी नाही. 2025 मध्ये जाहीर झालेल्या कडधान्य आत्मनिर्भरता अभियानाचा विशेष भरही तूर, उडीद व मसूर यांवर आहे. मटकीला बाजारपेठ नाही असे मुळीच नाही. 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या बिकानेरी भुजियात मटकीचे पीठ हा प्रमुख घटक आहे. परंतु चांगल्या पावसाच्या वर्षी आवक वाढून भाव कोसळल्यास शेतकऱ्याला हमीभावाचे संरक्षण मिळत नाही.

सारांश, पिकाचे अनुकूलन प्रयोगशाळेत सुरू होते, पण तेथे पूर्ण होत नाही. योग्य कालावधीचा वाण, वेळेवर मिळणारे शुद्ध बियाणे, चाऱ्याची तरतूद आणि भावाची शाश्वती या चारही बाबी एकत्र आल्या, तरच कमी पावसाच्या प्रदेशातील शेतकरी अशा पिकावर विसंबू शकेल. कोरडवाहू शेतीवरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना या चारही बाबींचा परस्परसंबंध ध्यानात घ्यावा.