अशोकाची खरी ओळख

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



या आवारात प्रवेश करताना दुतर्फा उभी असलेली उंच, सरळसोट झाडे आपण पाहिली असतील. ती कोणती, असे विचारल्यास आपणांपैकी बहुतेक जण 'अशोक' असे उत्तर देतील. काही वर्षांपूर्वी मीही तेच दिले होते. वनौषधींवरील एका माहितीपत्रिकेत मी अशोकाच्या सालीचे गुण वर्णिले आणि शेजारी छायाचित्र छापले ते याच झाडाचे. पत्रिका गावोगाव पोहोचल्यावर एका वृद्ध वैदूने मला शांतपणे सांगितले, "साहेब, नाव आमच्या झाडाचं आणि फोटो भलत्याचाच." त्या चुकीचे थोडेफार परिमार्जन व्हावे, म्हणून आज आपणांपुढे उभा आहे.

रस्त्याकडेला दिसणारे ते झाड म्हणजे खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुळातील. त्याची पाने साधी, लांबट व नागमोडी कडांची असतात; फुले हिरवट, चांदणीसारखी, सहसा लक्षातही न येणारी. खरा अशोक, म्हणजेच सीतेचा अशोक, हा शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील. दोघांत साम्य आहे ते केवळ नावाचे.

खरा अशोक रानात पाहावयाचा असेल, तर वसंतात कोकणातील व सह्याद्रीतील दमट, सावलीच्या जंगलात ओढ्याच्या काठाकाठाने जावे. त्याची पहिली खूण पानांची. पान संयुक्त असते. एका देठावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात आणि कोवळी पालवी तांबूस, मऊ व खाली लोंबणारी असते. दुसरी खूण फुलांची. सुगंधी फुलांचे दाट गुच्छ जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावरही येतात. ती प्रथम पिवळसर नारिंगी असून पुढे लाल होतात. गंमत अशी, की या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो, ती चार निदले होत. त्यांतून लांब केसर बाहेर डोकावतात. तिसरी खूण चपट्या, चिवट शेंगांची. खोट्या अशोकाला शेंग कधीच धरत नाही. त्याला लहान फळांचे घोस येतात.

आपल्या पूर्वजांना ही ओळख पक्की होती. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात सुंदरीच्या पदस्पर्शाने फुलणारा अशोक तो हाच. चैत्र शुद्ध अष्टमीला पंचांगात अशोककलिकाप्राशनाचा उल्लेख असतो, तोही याच्याच कळ्यांचा.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? पुष्कळ आहे. अशोकाच्या सालीला औषधासाठी मोठी मागणी आहे. खोडाची साल सभोवार सोलली की अन्नरसाचा मार्ग तुटतो आणि झाड वाळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 1998 मध्ये या वृक्षाची नोंद 'असुरक्षित' म्हणून केली. दुसरीकडे, बाजारात खोट्या अशोकाची साल खऱ्याच्या नावाने मिसळली जाते; त्यात फसतो तो रुग्ण. आणि गावात दोनशे 'अशोक' लावल्याचा अहवाल जातो, तेव्हा ओढ्याकाठचा खरा अशोक नाहीसा झाल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

जैवविविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थानिक पातळीवर व्यवस्थापन समित्या स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. पंचायत सदस्यांना माझी विनंती, की त्या वहीत 'अशोक' एवढेच न लिहिता कोणता अशोक, कोठे व किती, हे प्रत्यक्ष पाहून लिहावे. लिहिताना गावातील जाणत्या वैदूला सोबत घ्यावे. शिक्षकांनी मुलांपुढे दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवावीत. फरक ती स्वतःच सांगतील. जेथे ओलावा व सावली आहे, तेथे खऱ्या अशोकाचे ताजे बी अवश्य रुजवावे.

ज्याचे नाव आपण दुसऱ्याला देऊन टाकले, त्याचे रक्षण आपल्या हातून कसे होणार? म्हणून प्रथम ओळख पटवू या आणि मग झाड लावू या, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.