मताची किंमत मँचेस्टरच्या मजुराला विचारा



ज्या मँचेस्टरच्या कापडाने आपल्या गावोगावच्या विणकरांचे माग बंद पाडले, त्याच मँचेस्टरच्या मजुरांची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत. साहेब तेवढे सारे एक, असं आपण समजतो. तसं नाही. तिथंही मालक निराळा आणि साचा चालवणारा निराळा.

1819 साली मँचेस्टरची वस्ती लाखाच्या घरात. पण पार्लमेंटात या शहराचा स्वतःचा सभासद एकसुद्धा नव्हता. आणि ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकाडाचे सभासद किती? दोन! गाव कधीच उठून गेलेलं, पण जमीनदाराचा हक्क शाबूत. असल्या पार्लमेंटानं 1815 साली परदेशी धान्य अडवणारा कायदा केला. जमीनदार गबर झाले, मजुराचा पाव महागला. तेव्हा लोकांनी ओळखलं, की पोटाचा प्रश्न मताशी बांधलेला आहे.

16 ऑगस्ट 1819, सोमवार. सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर सुमारे 60 हजार लोक जमले. ठेवणीतले कपडे, वाजंत्री, निशाणं, संगं बायका-पोरं. हातात हत्यार नाही. हेन्री हंट भाषणाला उभा राहिला, तोच मॅजिस्ट्रेटांनी त्याला पकडायचा हुकूम सोडला. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. त्यांत शहरातले दुकानदार होते, गिरणीवाल्यांचे नातलग होते. 18 जीव गेले, 600 हून जास्त जखमी झाले. वॉटर्लूची लढाई चार वर्षांपूर्वीची. म्हणून लोकांनी या कत्तलीला नाव दिलं 'पीटर्लू'. सरकारनं मॅजिस्ट्रेटांचे आभार मानले आणि हंटला अडीच वर्षं तुरुंगात घातलं!

1832 साली सुधारणेचा कायदा झाला. मँचेस्टरला दोन सभासद मिळाले. पण शहरात मत कोणाला? ज्याच्या घराचं वर्षाचं भाडं दहा पौंडांच्या वर, त्याला. रक्त मजुराचं आणि मत मालकाला! बंधूंनो, ही गोष्ट गाठीला बांधा.

मजुरांनी मग 1838 साली स्वतःची सनद काढली. मागण्या सहा: प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, सभासदाला पगार, सारखे मतदारसंघ आणि दरसाल निवडणूक. पगार कशाला? साचा सोडून पार्लमेंटात बसणाऱ्या कामगाराची चूल पेटली पाहिजे म्हणून! 1842 साली 33 लाख सह्यांचा अर्ज गेला. अर्जदारांचं नुसतं ऐकून घ्यावं, म्हणणारे निघाले 49. नको म्हणणारे 287. त्याच वर्षी मजुरी कापली गेली. मजुरांनी गिरण्यांत शिरून बॉयलरची बुचं काढली. वाफ गेली, गिरण्या थंड पडल्या. शेकडो लोक तुरुंगात गेले, कित्येकांना काळ्या पाण्यावर धाडलं.

हरले का? त्या वर्षी हरले. पण 1867 साली शहरातल्या पुष्कळ कामगारांना मत मिळालं. 1872 साली मतदान गुप्त झालं. 1911 साली सभासदांना पगार सुरू झाला. 1918 साली सर्व पुरुषांना मत मिळालं. सहांपैकी पाच मागण्या कायद्यात आल्या. दरसालची निवडणूक तेवढी राहिली. आणि पीटर्लूच्या मैदानात तलवारीचे घाव सोसणाऱ्या बायकांचं काय? सनदेनंही त्यांना वगळलं होतं. पुरुषांच्या बरोबरीचं मत त्यांच्या लेकी-नातींना 1928 साली मिळालं. 109 वर्षं लागली!

म्हणून आम्ही म्हणतो, मत ही कुणी घातलेली भीक नव्हे. दहा रुपयांच्या नोटेला आणि पेलाभर दारूला ते विकू नका. आणि दुसऱ्याच्या लढ्यात नुसतं डोकं फोडून घेऊ नका. आपली मागणी आपणच लिहा, आपल्या संघटनेच्या बळावर लढा.

कामगार एकजुटीचा विजय असो!