दुखरा सांधा आणि मापाचा व्यायाम

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, ती आम्ही काहीशा संकोचानेच स्वीकारली. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारे आयुष्य शाळेच्या वर्गांत व क्रीडांगणावर घालविलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. तथापि आपल्या समाजातील बहुतेक घरी आमचे जाणेयेणे आहे. आणि ज्या घरी जावे तेथे कोणी ना कोणी गुडघ्यावर हात टेकून उठताना दृष्टीस पडते. म्हणून सांधेदुखी, खेळातील दुखापत आणि त्यांवरील भौतिकोपचार, ज्यास आपण सर्वजण फिजिओथेरपी म्हणतो, हाच विषय आम्ही निवडला आहे.

दुखरा अवयव हलवू नये, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मोडलेले हाड काही आठवडे स्थिर ठेवावे लागते हे खरे. परंतु तोच नियम वयोमानाने झिजू लागलेल्या गुडघ्यास लावला, तर हिताऐवजी अहित होते. त्याचे कारण सांध्याच्या रचनेतच आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील चिकट द्रवातून होते. आणि पाण्यात बुडविलेला कापडाचा बोळा दाबून सोडावा म्हणजे तो नवे पाणी ओढून घेतो, तद्वत् सांध्यावर भार पडून सुटला म्हणजेच हा द्रव तेथे खेळतो. शिवाय गुडघ्याचा भार झेलण्याचे काम मांडीचे स्नायू करीत असतात, आणि बसून राहिल्याने ते थोड्याच दिवसांत क्षीण होतात. मग दुखते म्हणून बसावे, बसल्याने स्नायू क्षीण व्हावेत, ते क्षीण झाल्याने सांध्यावर अधिक भार पडावा आणि दुखणे वाढावे, असे हे रहाटगाडगे सुरू होते. ते थांबविण्याचा मार्ग एकच : हालचाल करावी, पण ती मापाने करावी.

हा विचार आपल्या भूमीस परका नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट देवधरांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उजेडात आणली. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार तर घरोघरी होते. मात्र निरोग्याने बळ वाढविणे वेगळे आणि रोग्याने गेलेले बळ परत मिळविणे वेगळे. हे दुसरे शास्त्र आपल्याकडे रुजले ते मुख्यतः पोलिओशी झुंज देताना. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतर थोड्याच वर्षांत फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ साली हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. तो रोग गेला, पण त्याच्याशी लढताना जोपासलेली विद्या आज आपल्या गुडघ्यांच्या, खांद्यांच्या आणि कंबरेच्या सेवेस उभी आहे.

आता आम्ही विशेषेकरून भगिनीवर्गाविषयी बोलतो. पन्नाशीनंतर गुडघ्यांची झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, आणि मुकाट्याने सोसण्याची सवयही त्यांनाच अधिक. घरातील पुरुषाचे डोके दुखले तर सारे घर हलते. परंतु घरची माउली वर्षानुवर्षे जिना एकेक पायरी करून चढत असली, तरी ‘वय झाले’ या दोन शब्दांत तिची बोळवण होते. ‘दिवसभर घरात राबते, तिला आणखी व्यायाम कशाला?’ असेही विचारले जाते. याचे उत्तर असे की कष्टाने शरीर थकते, व्यायामाने ते घडते. कष्टात ठरावीक स्नायूच राबतात आणि त्यांस विसावा नसतो. व्यायामात प्रमाण असते, क्रम असतो आणि विसावाही असतो.

असे व्यायाम फार सोपे आहेत. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा आणि हळूच खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे व बसावे; प्रारंभी जमेल तितकेच. रोज सपाट जागी थोडे चालावे. व्यायामाने किंचित दुखले आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत शमले, तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर माप कमी करावे. काठी घ्यावी लागली तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. वजनाकडेही लक्ष असावे. देहाचे वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात आढळले. सांधा अगदीच निकामी झाला तर तो बदलण्याची शस्त्रक्रिया अवश्य करावी. परंतु तीनंतरही रोग्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात, आणि व्यायाम टाळणाऱ्याचा नवा सांधाही आखडतो.

तरुण खेळाडूंची गोष्ट याच्या उलट आहे. वडीलधाऱ्यांस हलवावे लागते, तर यांस आवरावे लागते. आमच्या शिक्षकीच्या काळात खो-खोचा एक गुणी खेळाडू पाहिला. एकदम दिशा बदलताना त्याचा गुडघा मुरगळला आणि सुजला. सामना तोंडावर आलेला. तेलमालीश करून, वर घट्ट पट्टी बांधून तीन आठवड्यांत त्यास मैदानात उतरविले गेले. त्याच गुडघ्याने त्याचा पुन्हा घात केला आणि त्याचा खेळ कायमचा सुटला. ढाल शाळेस मिळाली. परंतु त्या मुलाचे मोल त्या ढालीहून निश्चितच अधिक होते.

गुडघ्याच्या आतील मुख्य अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर खेळात परतण्यास निदान नऊ महिने द्यावेत. त्या मुदतीपर्यंत परतणे जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका घटतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. केवळ महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाचे बळ चांगल्या पायाच्या बरोबरीस आले की नाही, हे तपासावे लागते. घोटा मुरगळल्यास पहिले दोनतीन दिवस त्यास जपावे, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा, आणि मालीश मुळीच करू नये. चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. त्यानंतर मात्र सोसेल तशी हालचाल सुरू करावी. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री १९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी सांगितली. पुढे त्यांनीच जाहीर केले की दीर्घ विश्रांती आणि बर्फाचा अतिरेक यांनी बरे होण्यास विलंब लागू शकतो. शास्त्र आपले मत बदलण्यास लाजत नाही. मग आपणच जुन्या समजुतीस का कवटाळावे?

एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. सांधा लाल व गरम होऊन ताप आला, पडल्यावर अवयव वाकडा दिसू लागला, पोटरी अकस्मात सुजली, अथवा सकाळी बोटे तास-तासभर आखडून राहू लागली, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांस दाखवावे. व्यायामही फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावा. शेजाऱ्यास सांगितलेला व्यायाम आपणांस लागू पडेलच असे नाही.

शेवटी संस्थेस आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या कार्यात पंगतीबरोबरच टेबल-खुर्च्यांची एक रांग नेहमी असावी, आणि तेथे बसणाऱ्यास कोणी ‘एवढ्यातच खुर्ची?’ असे विचारू नये. कित्येक वृद्ध भगिनी खाली बसता येत नाही एवढ्याच कारणास्तव समारंभास येण्याचे टाळतात, हे आम्हांस ठाऊक आहे. दुसरी, काठ्या, वॉकर आणि चाकांची खुर्ची संस्थेने बाळगावी व गरजू कुटुंबांस विनामूल्य वापरावयास द्यावी. तिसरी, गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांत फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी एक पारितोषिक ठेवावे. त्यास आरंभ म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति रक्कम आम्ही आजच चिटणिसांकडे देत आहोत.

घरी गेल्यावर आपल्या आईस, पत्नीस, बहिणीस एवढेच विचारा : ‘गुडघा कधीपासून दुखतो?’ आणि उत्तर ऐकून उठून जाऊ नका. तिच्याशेजारी खुर्ची ओढून घ्या आणि तो दहा वेळांचा व्यायाम तिच्याबरोबर आपणही करा.