पहिले विवरणपत्र
(संस्थेच्या युवक-युवती मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितले, "यंदा आपल्या समाजातील बरीच मुले-मुली प्रथमच नोकरीला लागली आहेत. त्यांना आयकराविषयी दोन शब्द सांगा." मी कापडाचा व्यापारी, सनदी लेखापाल नव्हे. तथापि बी.कॉम. होऊन १९८४ साली गादीवर बसल्यापासून दरवर्षी हे विवरणपत्र माझ्या हातून गेले आहे. त्या अनुभवाच्या आधारे बोलतो.

आपल्या देशात आयकर १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला. स्वातंत्र्योत्तर काळात १९७३-७४ साली त्याचा उच्चतम दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. म्हणजे त्या टप्प्यातील शंभर रुपयांपैकी कमावणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत. मी व्यवसायात आलो तेव्हा करमुक्त मर्यादा १५ हजार रुपये होती. १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ती १८ हजार केली आणि उच्चतम दर ५० टक्क्यांवर आणला. जुन्या पिढीच्या मनात आयकराविषयी जी धास्ती बसली, तिचे मूळ त्या जबर दरांत आहे. आता दर ते राहिले नाहीत, धास्ती मात्र वारसाहक्काने पुढे आली आहे.

आजच्या तरुणाला धास्ती नाही, त्याचा गैरसमज निराळाच आहे. तो म्हणतो, "काका, बारा लाखांपर्यंत करच नाही, मग विवरणपत्र कशाला?" येथे थोडे थांबावे लागेल. वित्तीय वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादा ४ लाख रुपये ठेवलेली आहे. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के असा कर आधी आकारला जातो आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलत म्हणून तो माफ होतो. कर माफ झाला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्यामुळे विवरणपत्र भरण्याचे कर्तव्य माफ होत नाही.

हिशेबाच्या माणसाला उदाहरण दिल्यावाचून चैन पडत नाही. समजा, एका मुलीचा पगार दरमहा ४५ हजार, म्हणजे वर्षाचे ५ लाख ४० हजार. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले ४ लाख ६५ हजार. आजोबांनी तिच्या नावे बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याज ६० हजार. एकूण ५ लाख २५ हजार. त्यावर कर होतो ६,२५० रुपये आणि सवलतीने तो शून्य होतो. परंतु बँकेने ५० हजारांच्या वर व्याज गेले म्हणून १० टक्के दराने ६ हजार रुपये आधीच कापून सरकारजमा केलेले असतात. ते तिचेच पैसे, पण विवरणपत्र भरल्याखेरीज परत मिळत नाहीत. मुदत उलटून गेल्यावर भरले तर ५ लाखांवरील उत्पन्नास ५ हजार रुपये विलंब शुल्क. सहा हजार मिळवायचे आणि पाच हजार घालवायचे, हा व्यापार आपल्या पेठेत कोणी करणार नाही!

शेअर बाजाराकडे तरुणांचा ओढा मोठा आहे, म्हणून त्याबद्दलही सांगतो. सूचीबद्ध शेअर वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के दर आहे आणि बारा लाखांची सवलत त्या कराला लागू होत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्सचा नफा-तोटा तर व्यवसायाचे उत्पन्न ठरतो. पगारदाराच्या साध्या फॉर्ममध्ये तो बसत नाही. त्यातला तोटा पुढील वर्षांत ओढायचा असेल तर विवरणपत्र मुदतीतच गेले पाहिजे.

आता मला जे अधिक महत्त्वाचे वाटते त्याकडे वळतो. आपल्यापैकी अनेक घरांत मुलाचे पहिले विवरणपत्र वडिलांचे सल्लागार भरतात आणि मुलाला त्यातील एक आकडाही ठाऊक नसतो. संकेतशब्द सल्लागाराकडे, मोबाईल क्रमांक आणि ई-मेलही त्यांच्याच कार्यालयाचा. विभागाची सूचना येते ती तिकडेच आणि जबाबदारी मात्र ज्याचे नाव त्याची. तागा उलगडून, मीटर लावून पाहिल्यावाचून आपण कापड घेत नाही. मग स्वतःच्या नावाचा कागद न वाचता का द्यावा? नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण उपलब्ध झाले आहे. त्यात बँकेचे व्याज, लाभांश, शेअरचे व्यवहार असे बरेच काही आपोआप येऊन बसते. ते फॉर्म-१६ शी ताडून पाहायला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. आणि भरल्यानंतर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने अथवा अन्य मार्गाने पडताळणी करावी लागते. ती राहिली तर सारे श्रम वाया.

"अमुक सल्लागार हमखास परतावा मिळवून देतो" असे कानावर येते. तो मिळतो कसा? न दिलेल्या घरभाड्याच्या पावत्या, न दिलेल्या देणग्या. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींबाबत देशभर मोठी तपासणी केली. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड आहे. धार्मिक न्यासाच्या व्यासपीठावरून बोलत असल्यामुळे हेही सांगतो, की मार्चअखेर मागील तारखेची पावती मागणारे लोक कोणत्याही न्यासाला नवीन नाहीत. दोन हजारांवरील रोख देणगीला वजावट नाही, देणगीचा तपशील न्यासाला विभागाकडे कळवावा लागतो आणि नव्या करप्रणालीत ८०जी ची वजावटच मिळत नाही. ज्याला द्यायचे आहे तो तरीही देतो.

ज्येष्ठ मंडळींची क्षमा मागून आणखी एक बोलतो. ज्या सुनेने कधी शिकवणी घेतली नाही वा भरतकाम विकले नाही, तिच्या नावे तसे उत्पन्न दाखवून भांडवल उभे करण्याची रीत व्यापारी कुटुंबांत होती. उद्या विचारणा झाली तर उत्तर तिला द्यावे लागेल, सासऱ्यांना नव्हे. मुलींनो, लग्नानंतर तुमच्या नावे काय भरले जाते ते मागून घ्या, वाचा.

जुना १९६१ चा अधिनियम जाऊन २०२५ च्या अधिनियमाच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. तेव्हापासून सुरू होणाऱ्या उत्पन्नाला 'कर वर्ष' हा एकच शब्द. वित्तीय वर्ष आणि कर निर्धारण वर्ष यांचा जो घोळ आम्ही चाळीस वर्षे सोसला, तो तुमच्या वाट्याला फारसा येणार नाही. मात्र २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्याच अधिनियमाखाली भरावयाचे आहे.

चहापानानंतर आपल्या समाजातील सनदी लेखापाल शेजारच्या दालनात बसणार आहेत. ज्यांनी फॉर्म-१६ आणि बँकेचे पासबुक बरोबर आणले असेल त्यांनी निःसंकोच जाऊन विचारावे. संकेतशब्द तेवढा कोणाला सांगू नये, त्यांनाही नाही.

जय जिनेंद्र.