पेन्सिलची पकड आणि विद्यार्थ्यांचे अक्षर

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषणाचा मजकूर)



जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरली गेली. त्यांत धान्यविक्रेत्यांची श्रेणी आहे, यवनही आहेत. अशा या भूमीत पुढे आपल्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. म्हणून आपल्या मुलाच्या हातात पेन्सिल येणे ही साधी गोष्ट नाही. पण ते मूल "हात दुखतो" म्हणाले, की आपण त्याला कामचुकार ठरवतो. हे बरोबर नाही, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

आपल्या वाडवडिलांच्या हाताला खुरपे आणि विळ्याची सवय. ती जोराची पकड. सारी मूठ आवळावी लागते. लेखनाची पकड नाजूक असते. पेन्सिल अंगठा व तर्जनीत धरून मधल्या बोटाच्या कडेवर टेकवली, की तळहातातील लहान स्नायू बोटे हलवतात. मनगट व खांदा फक्त आधार देतात. मुठीत धरली तर बोटे अडकतात आणि सारे काम मनगट, कोपर व खांद्यावर पडते. मग वेलांटी, उकार, रफार यांची लहान वळणे साधत नाहीत. पेन्सिल फार दाबली तर कोपरापुढचे स्नायू सतत ताणलेले राहतात, त्यांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि हात भरून येतो. तीन तासांचा पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर येत असूनही ते अपुरे राहते.

मात्र तीन बोटांचीच पकड हवी, असा हट्ट नको. कॅनडात चौथीच्या 120 मुलांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. प्रचलित चार पकडींमध्ये वेग आणि सुवाच्यता यांत विशेष फरक आढळला नाही. तेव्हा वेदना नसेल व अक्षर वाचता येत असेल, तर पकड बदलायला लावू नये. डावखुऱ्या मुलाला तर उजव्या हाताची सक्ती मुळीच करू नये. त्याची वही थोडी उजवीकडे कलती ठेवावी.

सोण नावाचा भिक्खू पाय रक्तबंबाळ होईतो चंक्रमण करी. तथागतांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला : तार अति ताणू नये, अति सैलही सोडू नये. पेन्सिलीचेही तसेच.

पालकांनी वहीचे पान उलटून पाहावे. मागे अक्षरे उमटून बोटाला लागत असतील, तर दाब जास्त आहे. लहानांना भुईमुगाच्या शेंगा फोडू द्या, कणीक मळू द्या, धान्य निवडू द्या. हातात खडूचा लहान तुकडा द्या. तो मुठीत धरता येत नाही. मांडीवर वही घेऊन वाकून लिहिण्यापेक्षा पाट किंवा पेटी पुढे घ्यावी. एवढे करूनही त्रास राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे. लेखनाची अक्षमता प्रमाणित झाल्यास परीक्षेत वाढीव वेळ मिळतो. तो हक्क आहे, उपकार नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, हात दुखला तर लाजू नका, सांगा. आणि पालकहो, छडी उगारण्याआधी मुलाचा हात हातात घेऊन पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!