शिक्षकाचा मुख्याध्यापक होतो तेव्हा

(मालवण तालुक्यातील नव्याने कार्यभार स्वीकारलेल्या मुख्याध्यापकांसमोर केलेले भाषण)



अभिनंदनाचे उपचार आपापल्या गावी झालेच असतील. त्यांत मी भर घालीत नाही. वर्गापुढे उभे कसे राहावे हे आपणांस अध्यापक विद्यालयात कोणीतरी शिकविले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत कसे बसावे हे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. किल्ल्या आणि दप्तर ताब्यात आले की मनुष्य मुख्याध्यापक झाला, असे आपण धरून चालतो.

आपल्या भागात ही गोष्ट अधिकच नाजूक आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेस स्वतंत्र मुख्याध्यापक मिळावयाचा, तर पट १५० च्या वर हवा. आपल्या वाड्यावाड्यांवरील शाळांत एवढा पट कोठला? तेथे दोन शिक्षक, आणि त्यांतील एकाकडे कार्यभार. काल ज्यांच्या डब्यातील घावन खाल्ले, त्यांच्याच रजेच्या अर्जावर आज सही करावयाची.

वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्यास शिक्षक म्हणून आले, तेथेच मुख्याध्यापक झाले आणि १९३८ पर्यंत त्या शाळेत राहिले. 'उल्का' ही कादंबरी त्याच काळातील, १९३४ ची. ज्ञानपीठ मिळविणारा हा लेखक सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच गावात, त्याच शाळेत, कालच्या सोबत्यांमध्ये वरिष्ठ होऊन राहणे त्यांनाही चुकले नव्हते, हे आपण ध्यानी घेत नाही.

आता माझी चूक सांगतो. मी चौथीचा वर्ग अनेक वर्षे शिकविला होता. शिष्यवृत्ती परीक्षा तेव्हा चौथीस असे, आणि माझ्या मुलांच्या यशाचा मला अभिमान होता. थोडा गर्वही होता म्हणा. कार्यभार आल्यावर तो वर्ग एका बाईंकडे गेला. एके दिवशी ओटीवरून जाताना मी पाहिले, तर बाई भागाकार शिकवीत होत्या. चिंचोके वाटून, पुनःपुन्हा वजा करून. मला राहवले नाही. आत शिरलो, फळा पुसला आणि माझी मांडणी लिहून दाखविली. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, बाईंनी शिकवला ता चूक काय?"

बाई चुकल्या नव्हत्या. त्यांची रीत माझ्या रीतीहून सावकाश होती, एवढेच. परंतु त्या दिवसापासून त्या प्रत्येक गोष्ट मला विचारू लागल्या. पाऊस आला, मुलांना आत घेऊ का? खडू संपला, नवी पेटी फोडू का? प्रथम मला वाटले, ही शिस्त. मग ध्यानी आले की एक चांगली शिक्षिका मी गमावीत आहे आणि तिच्या जागी एक हुकमाची ताबेदार घडवीत आहे.

रापणीचा तांडेल आपण पाहिला आहे. तोही कधी काळी वल्ह्यावर होता. पण होडी जाळे सोडीत निघाली की त्याची नजर पाण्यावर लागते, आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांचे दोर ओढणारे आपापल्या जागी ओढीत असतात. त्याने मध्येच एखाद्याच्या हातचा दोर हिसकावून घेतला, तर रापण वाकडी येणार नाही काय?

दप्तराविषयी थोडेच बोलतो, कारण ते शिकता येते. पोषण आहाराचा तांदूळ स्वतः मोजून घ्या, साठा नोंदवही त्याच दिवशी लिहा, रोजकीर्द उद्यावर टाकू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. सभेची वेळ मासळीच्या लिलावाशी गाठू नका, नाहीतर ठरावावर सह्या होतील आणि चर्चा होणार नाही. मात्र दप्तरासाठी वर्ग सोडू नका. निदान एक तास स्वतःचा ठेवा. दुसऱ्याचा तास हिसकावण्याचा मोहही त्याने आवरतो, असा माझा अनुभव आहे.

त्या बाईंकडे मी दुसऱ्या आठवड्यात गेलो. मुलांसमोरच म्हणालो, "बाईंची रीत बरोबर होती, मी उगाच फळा पुसला." मग मागच्या बाकावर बसून त्यांचा तास पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत. परवानग्या विचारणे दिवाळीपर्यंत चालूच राहिले. सुट्टीनंतर एके दिवशी मी कचेरीच्या कामासाठी ओरोसला गेलो होतो. परतलो तो बाईंनी चौथीची मुले समुद्रावर नेली होती, वाळूत क्षेत्रफळ मोजावयास. मला विचारले नव्हते.