सॉफ्टवेअरची मुदत का हुकते?

मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या उशिराचे मूळ बहुधा सुरुवातीलाच असते. नेमके काय हवे, हे पुरते ठरण्याआधीच तारीख जाहीर होते. मग मागण्या बदलत राहतात, तारीख मात्र तीच राहते. काम मागे पडले की माणसे वाढवली जातात.

आयबीएमने १९६४ मध्ये ‘सिस्टीम ३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठीची ‘ओएस ३६०’ ही कार्यप्रणाली मात्र रखडली. ते काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात निष्कर्ष मांडला: रखडलेल्या प्रकल्पात माणसांची भर घातली, की तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, शिवाय परस्पर समन्वयाचे कामही वाढते. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या १० जोड्या होतात. पन्नास जणांत १२२५.

तरीही माणसे वाढवण्याचा मार्ग म्हणून काम बाहेरच्या कंपन्यांना दिले जाते, त्याला कारणे आहेत. एका प्रकल्पापुरते कायमचे नोकर ठेवणे परवडत नाही, हवे ते कौशल्य घरात नसते आणि दुसऱ्या देशात मजुरी स्वस्त पडते. ‘वायटूके’च्या, म्हणजे सन २००० उजाडताना संगणकांत तारखा चुकण्याच्या धोक्याच्या वेळी हा मार्ग फळाला आला. कोबॉल या संगणकभाषेतील जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे साठवलेले असत. अशा जागा शोधून दुरुस्त करायच्या होत्या. नियम ठरलेला होता, काम तुकड्यांत वाटता येत होते आणि प्रत्येक तुकडा तपासता येत होता. मुंबई, पुणे, बंगळूर इथल्या अभियंत्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर पार पाडले.

अमेरिकेच्या ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या आरोग्यविम्याच्या संकेतस्थळाची गोष्ट वेगळी. अनेक कंत्राटदारांनी वेगवेगळे भाग बांधले, पण सगळे भाग जुळवण्याची जबाबदारी कोणा एकाकडे स्पष्टपणे नव्हती. संपूर्ण यंत्रणेची एकत्र चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांतच झाली. १ ऑक्टोबर २०१३ ला संकेतस्थळ खुले झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली.

म्हणून उशिराचे खापर दूर बसून रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी अभियंत्यांवर फोडणे अन्यायाचे आहे. काम बाहेर देता येते. काय हवे ते ठरवण्याची आणि सगळे जुळते की नाही ते पाहण्याची जबाबदारी बाहेर देता येत नाही. लहान टप्पे, पहिल्यापासून एकत्र चाचणी आणि काम करणाऱ्यांना विचारून ठरवलेली तारीख, एवढे पाळले तरी मुदत हुकण्याचा धोका बराच कमी होतो.